मोठा कार्ब्युरेटर, तेच इंजिन: ट्रायम्फ आणि नॉर्टन यांच्या इतिहासातील एक महागडा धडा

१/ १९७२ साली इंग्लंडच्या नॉर्टन कंपनीने आपल्या प्रसिद्ध ‘कमांडो’ मोटारसायकलची अधिक जोरकस आवृत्ती बाजारात आणली. इंजिनाचे नाव ‘कॉम्बॅट’, दावा ६५ अश्वशक्तीचा. कार्ब्युरेटरचे भोक ३० मिलिमीटरवरून ३२ मिलिमीटर झाले, कॅमशाफ्ट अधिक तीव्र झाला, कॉम्प्रेशन १०:१ वर गेले. इंजिनाचा सांगाडा मात्र जुनाच राहिला. काही हजार मैलांतच अनेक गाड्यांची मुख्य बेअरिंगे निकामी झाली. हा थ्रेड त्या घटनेचा, आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या एका जुन्या प्रश्नाचा. 🧵

२/ प्रश्न साधा आहे आणि आजही प्रत्येक गॅरेजात विचारला जातो: इंजिन जवळजवळ मूळ बांधणीचेच ठेवून त्याला फक्त मोठा कार्ब्युरेटर बसवला, तर ताकद वाढते का? या प्रश्नाचे उत्तर ब्रिटिश मोटारसायकल उद्योगाने दोनदा दिले. एकदा यशाने आणि एकदा अपयशाने. दोन्ही उत्तरे एकत्र वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही.

३/ आधी यंत्राचे मूळ पाहू. १७३८ मध्ये डॅनियल बर्नुली याने ‘हायड्रोडायनॅमिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रवाहाचा वेग आणि दाब यांचे नाते त्यातून पुढे आले. १७९७ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी बातिस्ता व्हेंतुरी याने अरुंद होत जाणाऱ्या नळीतील प्रवाहावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. नळी जिथे अरुंद होते तिथे प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब घटतो. कार्ब्युरेटरचा सारा संसार या एका वाक्यावर उभा आहे.

४/ १८९३ च्या सुमारास हंगेरीत डोनाट बांकी आणि यानोश चोंका, तर जर्मनीत विल्हेल्म मायबाख, यांनी फवारा उडवणारे कार्ब्युरेटर सिद्ध केले. कल्पना अशी: पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, ती हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथील दाब कमी होतो आणि त्या ओढीने जेटमधून पेट्रोल वर येऊन हवेत मिसळते. पेट्रोल ढकलण्यासाठी कोणताही पंप नाही. हवेचा वेग हाच पंप.

५/ येथेच साऱ्या वादाची मेख आहे. गळा रुंद केला तर जास्त हवा जाऊ शकते, हे खरे. पण तेवढीच हवा रुंद गळ्यातून जाताना तिचा वेग कमी होतो आणि पेट्रोल वर खेचणारी ओढही कमी होते. म्हणजे कार्ब्युरेटरच्या मापात दोन गरजा परस्परांविरुद्ध उभ्या असतात: वरच्या फेऱ्यांना मोकळा श्वास हवा आणि खालच्या फेऱ्यांना जोराची ओढ हवी.

६/ १९२७ मध्ये अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन ब्रिटिश उत्पादकांच्या एकत्रीकरणातून ‘अमाल’ हे नाव जन्माला आले. पुढील अर्धशतक बहुतेक ब्रिटिश मोटारसायकली बर्मिंगहॅमच्या याच अमाल कार्ब्युरेटरवर धावल्या. रचना सुटसुटीत होती: मूठ पिळली की तार स्लाइडला वर उचलते, स्लाइडसोबत सुई वर येते आणि हवा व पेट्रोल दोन्ही वाढतात. चालकाचा हात आणि गळ्याचे माप यांचा थेट संबंध.

७/ आता ट्रायम्फ. १९३८ च्या हंगामासाठी एडवर्ड टर्नर याने ५०० सीसीची ‘स्पीड ट्विन’ आणली आणि जोड-सिलिंडर मोटारसायकलचा एक साचाच घालून दिला. युद्धानंतर हेच इंजिन ६४९ सीसीपर्यंत वाढून ‘थंडरबर्ड’ झाले. १९५४ च्या हंगामात ‘टायगर ११०’ आली. नावातील आकडा ताशी ११० मैल वेगाची आठवण करून देणारा. या साऱ्या गाड्यांना कार्ब्युरेटर एकच होता.

८/ सप्टेंबर १९५६ मध्ये अमेरिकेतील युटा राज्याच्या बॉनव्हिल मिठागरावर जॉनी ॲलन याने ट्रायम्फ इंजिनाच्या सिगारेच्या आकाराच्या वाहनाने ताशी २१४ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे ३४५ किलोमीटरचा वेग गाठला. आंतरराष्ट्रीय महासंघाने हा विक्रम मान्य केला नाही. परंतु जाहिरातीला मान्यतेची गरज नव्हती. अमेरिकन विक्रेत्यांना आता एकच गोष्ट हवी होती: दोन कार्ब्युरेटरची ट्रायम्फ.

९/ टर्नर या मागणीबाबत उत्साही नव्हता. तरीही १९५९ च्या हंगामासाठी ‘टी-१२० बॉनव्हिल’ अवतरली. निर्णय इतक्या उशिरा झाला की त्या वर्षीच्या माहितीपत्रकात तिला जागाच मिळाली नाही. दोन अमाल मोनोब्लॉक कार्ब्युरेटर, प्रत्येकाचे भोक १ १/१६ इंच, म्हणजे सुमारे २७ मिलिमीटर. जाहीर शक्ती ४६ अश्वशक्ती. एकाच कार्ब्युरेटरच्या टायगर ११० ची ४२ होती.

१०/ चार अश्वशक्तींची वाढ, म्हणजे सुमारे साडेनऊ टक्के. पण वाऱ्याचा अडथळा भेदायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणून इतर सर्व फरक बाजूला ठेवले, तर साडेनऊ टक्के शक्तीतून कमाल वेगात तीन टक्क्यांच्या आसपासच भर पडते. ताशी ११० मैलांचे सुमारे ११३. नाव मात्र ११० वरून थेट १२० झाले. नावातील दहा मैल आणि गणितातील तीन मैल यांच्यामधले अंतर जाहिरातीने भरून काढले.

११/ दोन कार्ब्युरेटर म्हणजे दुप्पट हवा, असा समज तेव्हाही होता. प्रत्यक्ष यंत्र तपासले तर चित्र वेगळे दिसते. ट्रायम्फच्या इंजिनात दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात. पण श्वास आळीपाळीने घेतात. एका फेऱ्यात डावा, तर पुढच्या फेऱ्यात उजवा. म्हणजे एकच कार्ब्युरेटर असला तरी एका वेळी त्याच्याकडून हवा मागणारा सिलिंडर बहुतेक वेळ एकच असतो.

१२/ मग ती साडेनऊ टक्के वाढ आली कोठून? मुख्यतः वाटेतून. एका कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण आधी दोन फाट्यांत विभागले जाते, वळते आणि मग सिलिंडरकडे जाते. बॉनव्हिलच्या हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र आणि अधिक सरळ पोर्ट मिळाला. वाढीचे श्रेय कार्ब्युरेटरच्या संख्येला मिळाले. पण काम केले ते नव्या हेडने.

१३/ आणि आणखी एक बदल, ज्याची चर्चा कमी होते. १९५९ च्या ६५० सीसी ट्रायम्फना नवा एकसंध घडीव क्रँकशाफ्ट मिळाला. त्याआधीचा क्रँक तुकडे जोडून तयार होत असे. म्हणजे ज्या वर्षी इंजिनाला जास्त श्वास दिला, त्याच वर्षी त्याचा कणाही मजबूत केला. हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण १९७२ च्या कथेत नेमका तोच निसटतो.

१४/ बॉनव्हिलची भोके पुढे वाढतच गेली. १९६० च्या दशकात १ १/१६ इंचाचे १ १/८, मग १ ३/१६ आणि अखेर अमालच्या नव्या ‘कॉन्सेंट्रिक’ मालिकेतील ३० मिलिमीटर. इंजिन तेच ६४९ सीसी. या काळात एक्झॉस्ट, कॅम, टॅपेट यांतही सुधारणा होत होत्या, हे विसरता येत नाही. कार्ब्युरेटर एकटा मोठा होत नव्हता. त्याच्या पुढची आणि मागची साखळीही बदलत होती.

१५/ मापातील फरकाचा अर्थ आकड्यांत पाहू. एक सिलिंडर सुमारे ३२५ सीसीचा. तो पूर्ण भरतो आणि मूठ पूर्ण उघडी आहे असे धरले, तर मिनिटाला ६५०० फेऱ्यांवर श्वास घेण्याचा अवधी मिळतो सुमारे ४.६ मिलिसेकंद. २७ मिलिमीटर गळ्यातील हवेचा सरासरी वेग येतो सेकंदाला सुमारे १२३ मीटर. ३० मिलिमीटर गळ्यात तोच ९९ मीटर. इथे मोठा गळा फायद्याचा, कारण वाट मोकळी होते.

१६/ आता फेरे २००० वर आणा. २७ मिलिमीटरमध्ये वेग सुमारे ३८ मीटर, ३० मिलिमीटरमध्ये सुमारे ३१. आणि पेट्रोल खेचणारी ओढ वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ती जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. मूठ एकदम पिळली की हवा धावून येते, पेट्रोल मागे राहते आणि गाडी गचका खाते. ‘वर पळते, पण खाली पिकअप नाही’ ही गॅरेजातील तक्रार म्हणजे याच गणिताचे बोलीभाषेतील रूप.

१७/ याचा अर्थ मोठा कार्ब्युरेटर हळू चालवताना नेहमीच वाईट असतो असा नाही. स्लाइड अर्धवट खाली असते तेव्हा गळा आपोआप अरुंदच असतो. अडचण येते ती फेरे कमी असताना मूठ पूर्ण उघडली की. कसलेला चालक मूठ हळूहळू उघडायला शिकतो. पण मग यंत्राची उणीव चालकाच्या मनगटाने भरून काढायची, असा त्याचा अर्थ होतो.

१८/ गंमत अशी की या अडचणीवरचा उपाय ट्रायम्फच्याच एका गाडीवर होता. १९५२ पासून काही वर्षे थंडरबर्डला एसयू कार्ब्युरेटर बसवला जात असे. त्यात गळ्याचे माप चालकाचा हात ठरवत नाही. इंजिनाची ओढ स्वतःच आतील पिस्टन वर उचलते आणि हवेचा वेग जवळजवळ स्थिर राहतो. १९६५ मध्ये होंडाने सीबी ४५० वर याच तत्त्वाचे दोन केहिन कार्ब्युरेटर बसवले. ब्रिटिश कंपन्या मात्र बहुतांशी स्लाइडवरच थांबल्या.

१९/ दरम्यान, एकाच कार्ब्युरेटरची ट्रायम्फ संपली नाही. टीआर-६ ‘ट्रॉफी’ बॉनव्हिलच्या शेजारी विकली जात राहिली. ब्रिटिश पोलिसांसाठी बनणारी ट्रायम्फही एकाच कार्ब्युरेटरची होती. ज्यांना रोज, सर्व ऋतूंत, विनातक्रार गाडी चालवायची होती त्यांनी दोन कार्ब्युरेटरचा मेळ जुळवत बसण्यापेक्षा एक पसंत केला. शर्यतीच्या मैदानावर उत्तर वेगळे होते. १९६९ मध्ये माल्कम अपहिल याने आयल ऑफ मॅनवर बॉनव्हिलने ताशी १०० मैलांहून अधिक सरासरीची फेरी मारली.

२०/ आता पुन्हा नॉर्टनकडे. कमांडोच्या इंजिनाचे मूळ १९४० च्या दशकाच्या अखेरीस बर्ट हॉपवुड याने आखलेल्या ४९७ सीसीच्या ‘डॉमिनेटर’मध्ये होते. हॉपवुड पूर्वी टर्नरच्याच हाताखाली काम केलेला अभियंता. तेच इंजिन टप्प्याटप्प्याने वाढत ‘ॲटलस’मध्ये ७४५ सीसी झाले आणि १९६७ मध्ये कमांडोत बसले. क्रँक टेकलेला होता फक्त दोन मुख्य बेअरिंगांवर, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. मध्ये आधार नाही.

२१/ १९६९ मध्ये होंडाची सीबी ७५० आली. चार सिलिंडर, चार कार्ब्युरेटर, ८००० फेऱ्यांवर ६७ अश्वशक्ती. तिचे प्रत्येक भोक २८ मिलिमीटरचे, म्हणजे नॉर्टनपेक्षा लहान. पण प्रत्येक सिलिंडर फक्त १८४ सीसीचा आणि क्रँकला पाच ठिकाणी आधार. होंडाची ताकद मोठ्या भोकातून नव्हे, तर उंच फेरे सहन करणाऱ्या सांगाड्यातून आली होती. नॉर्टनने स्पर्धा केली ती आकड्याशी. त्या आकड्यामागची बांधणी तिच्याकडे नव्हती.

२२/ ३० वरून ३२ मिलिमीटर हा फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो. क्षेत्रफळात तो जवळपास १४ टक्के आहे. तेवढ्याच फेऱ्यांना पेट्रोलची ओढ सुमारे २३ टक्क्यांनी घटते. म्हणून असे इंजिन खरे रंगात येते ते वरच्या फेऱ्यांत, आणि तीव्र कॅमही तिकडेच बोलावत होता. चालकाला इंजिन जिथे जोर दाखवते तिथेच ठेवावेसे वाटते. कॉम्बॅट चालकाला सतत वर, आणखी वर नेत होते.

२३/ पण नॉर्टनचा स्ट्रोक ८९ मिलिमीटरचा. ६५०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटरहून अधिक होतो आणि ७००० ला जवळजवळ २१. त्या ताणाखाली दोनच टोकांवर टेकलेला क्रँक मध्ये किंचित वाकतो. बेअरिंगचे सरळ रोलर मग पूर्ण लांबीवर न टेकता कडेवर टेकतात, कडा रुततात आणि बेअरिंग फुटते. काही इंजिनांत पिस्टनलाही तडे गेले.

२४/ मग दोष कार्ब्युरेटरचा? काटेकोरपणे पाहिले तर नाही. ३२ मिलिमीटरच्या भोकाने एकही बेअरिंग फोडले नाही. त्याने, कॅमने आणि कॉम्प्रेशनने मिळून इंजिनाला अशा ठिकाणी राहण्याची मुभा दिली, जिथे राहण्यासाठी ते घडवलेलेच नव्हते. १९५९ मध्ये ट्रायम्फने श्वास वाढवताना कणा बदलला होता. १९७२ मध्ये नॉर्टनने श्वास वाढवला आणि कणा तपासायचे काम ग्राहकावर सोपवले.

२५/ दुरुस्तीही बोलकी आहे. नॉर्टनने ‘सुपरब्लेंड’ नावाने ओळखली जाणारी बेअरिंगे आणली. त्यांचे रोलर टोकांकडे किंचित निमुळते, त्यामुळे क्रँक वाकला तरी कडा रुतत नव्हत्या. कॉम्प्रेशन खाली आणले गेले. १९७३ च्या ‘८५०’ कमांडोत इंजिन ८२८ सीसीचे झाले, कॅम सौम्य झाला, कॉम्प्रेशन सुमारे ८.५:१. आणि कार्ब्युरेटर? तेच ३२ मिलिमीटर.

२६/ हा तपशील साऱ्या वादाचा निकाल आहे. जे माप ७४५ सीसीच्या ताणलेल्या इंजिनात संकटाचा भाग ठरले, तेच माप ८२८ सीसीच्या शांत आणि मजबूत इंजिनात चपखल बसले. भोक ‘मोठे’ किंवा ‘लहान’ असे स्वतंत्रपणे असत नाही. ते सिलिंडर, व्हॉल्व्ह, कॅम, फेरे आणि क्रँक यांच्या मानानेच मोठे किंवा लहान ठरते.

२७/ नॉर्टनला मात्र याची किंमत मोजावी लागली. वॉरंटीतील दुरुस्त्या आणि गेलेली पत हा भार अशा वेळी पडला, जेव्हा सारा ब्रिटिश उद्योगच जपानी स्पर्धेखाली वाकला होता. १९७३ मध्ये सरकारी मदतीने नॉर्टन आणि ट्रायम्फ एका छत्राखाली आल्या. दशक संपण्यापूर्वी कमांडोचे उत्पादन थांबले. एका इंजिनाने कंपनी बुडाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण विश्वासाची शिल्लक संपत असताना कॉम्बॅटने त्यातूनच मोठी रक्कम काढली.

२८/ महाराष्ट्राच्या गॅरेजांतही हा प्रश्न फिरून आला. १९८५ मध्ये भारतात आलेल्या यामाहा आरएक्स १०० ला मोठा कार्ब्युरेटर बसवण्याची हौस पिढ्यांनी जोपासली. ९८ सीसीचे हे टू-स्ट्रोक इंजिन. त्यात हवेचा हिशेब सिलिंडरच्या भिंतीतील पोर्ट आणि सायलेन्सरचा आकार ठरवतात. ते दोन्ही मूळचे ठेवून केवळ भोक वाढवले की बहुधा आवाज बदलतो, पेट्रोल जास्त लागते आणि जेट जुळवण्यात रविवार जातात.

२९/ म्हणून जाणता मेस्त्री मोठा कार्ब्युरेटर लावण्याआधी तीन गोष्टी तपासतो. आत्ताचा कार्ब्युरेटर खरोखरच वाट अडवतो आहे का, की अडथळा फिल्टर, व्हॉल्व्ह किंवा एक्झॉस्टमध्ये आहे? वाढलेले फेरे क्रँक आणि बेअरिंग पेलतील का? आणि गाडी बहुतेक वेळ कोणत्या फेऱ्यांत चालते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ‘होय’ आणि तिसऱ्याचे ‘वरच्या’ असे नसेल, तर जुना कार्ब्युरेटर स्वच्छ करून नीट जुळवणे हाच स्वस्त आणि खरा फायदा.

३०/ इतिहासाने या कथेचा शेवटही भारताजवळ आणून ठेवला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या भारतीय मोटारसायकलींवरून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. त्याच महिन्यात तमिळनाडूच्या टीव्हीएसने नॉर्टन विकत घेतली. आणि २०२३ पासून ट्रायम्फच्या ४०० सीसी गाड्या पुण्याजवळच्या चाकणमध्ये, बजाजच्या कारखान्यात तयार होत आहेत. पेट्रोल आता संगणक मोजतो.

३१/ तरी जुनी ओढ सुटलेली नाही. ट्रायम्फने २०१६ मध्ये नवी बॉनव्हिल टी-१२० आणली, तेव्हा तिचे फ्युएल इंजेक्शनचे थ्रॉटल बॉडी मुद्दाम जुन्या अमाल कार्ब्युरेटरसारखे दिसतील असे घडवले. आत जेट नाही, सुई नाही. पण इंजेक्शनलाही मूळ नियम चुकवता आलेला नाही. भोक कितीही मोठे केले, तरी सिलिंडर त्याला हवी तेवढीच हवा घेतो, आणि क्रँक त्याला पेलेल तेवढेच सोसतो.

(थ्रेड समाप्त)